कमानपाट्याचा विळा: भंगारातलं पोलाद डोळ्यानं ओळखायची रीत

दोन वर्षांमागची गोष्ट. धानाची कापणी लागून एकच दिवस झाला होता, तर शेजारची वहिनी माझ्या अंगणात आली आणि विळा ओट्यावर ठेवून उभी राहिली. "भाऊजी, तुमी म्हनता छत्तीस वर्सं पोलाद शिजवलं. मंग ह्या इळ्याले काहून असं झालं?" विळा मीच करून दिला होता. घराच्या स्लॅबमधून उरलेल्या सळईचा. मूठ छान बसवली होती, धार अशी लावली होती की मनगटावरचे केस निघत. आणि पहिली बांधी अर्धी व्हायच्या आत त्याचं टोक वाळल्या शेंगेसारखं पिळलं होतं.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतंच काय?

मी साकोली तालुक्यातला. १९७४ मध्ये भिलाईला लागलो, पोलाद गाळायच्या ओपन हार्थ भट्टीवर, आणि २०१० मध्ये रिटायर होऊन गावी आलो. टनांच्या हिशेबात जन्म गेला आणि पावशेराचा विळा जमेना. मग गावातल्या लोहारभाऊच्या साळेत जाऊन बसायला लागलो. तो मला हात शिकवायचा, मी त्याला कार्बन शिकवायचो. आज आमचे विळे हंगामभर टिकतात. ते कसे करायचे ते इथं सांगतो. घरी छोटी भट्टी आणि एखादा लोखंडी ठोकळा असेल तर कुणालाही जमेल, पण पहिले दोन-तीन बिघडतील हे धरून चला.

विळा का वाकला

सळईतलं लोखंड खोटं नव्हतं. ते ज्या कामासाठी केलं त्या कामाला उत्तमच आहे. टीएमटी सळई रोलिंग मिलमधून लालबुंद बाहेर पडते तेव्हा तिच्यावर जोरात पाणी मारतात. वरची साल कडक होते, गाभा मऊ राहतो. म्हणून ती भूकंपात वाकते पण तुटत नाही. मी ती भट्टीत घालून पुन्हा लाल केली आणि ठोकून चपटी केली, म्हणजे ती कडक साल माझ्याच हातानं घालवली. उरलं ते मऊ लोखंड, ज्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. एवढ्या कार्बनवर पाणी दिलं, म्हणजे लाल करून एकदम विझवलं, तरी धार धरत नाही.

सगळा खेळ ह्या एका आकड्याचा आहे. खिळा, तार, सळई, पत्रा ह्यांत कार्बन पाव टक्का किंवा त्याहून कमी. गाडीच्या कमानपाट्यात, म्हणजे चाकांवरच्या लीफ स्प्रिंगच्या पट्टीत, अर्धा टक्का आणि थोडा वर. रेल्वेच्या रुळात साधारण ०.६ ते ०.८. कानशीत एक टक्क्याच्या वर. आणि बिडात, म्हणजे जुन्या हातपंपाच्या धडात किंवा शिलाई मशीनच्या पायात, तीन-साडेतीन टक्के. बीड ठोकलं की फुटतं, तार ठोकली की नुसती पसरते. विळ्याला ह्या दोघांच्या मधलं काहीतरी पाहिजे, आणि ते मधलं गाठण्यातच माणसाची हजारो वर्षं गेली.

आपल्या विदर्भात ही खटपट फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीजवळ नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासची. वाकड्या विटांची, एवढीशी, खाली भात्याची हवा आत घालायला मातीची नळी. माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत माणसांच्या सोबत लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, घोड्यांचे लगाम निघाले. त्या भट्टीत लोखंड वितळत नव्हतं. दगडातून सुटून स्पंजासारखा मऊ गोळा व्हायचा, तो लाल असतानाच ठोकून ठोकून त्यातला मळ बाहेर काढायचा. अशा लोखंडात कार्बन कमी. तर त्यांची अडचण कार्बन घालायची होती. नंतर मोठ्या झोतभट्ट्या (ब्लास्ट फर्नेस) आल्या, लोखंड पाण्यासारखं वाहायला लागलं, पण कोळशाच्या संगतीनं चार टक्के कार्बन पिऊन बाहेर पडायचं. आता अडचण उलटी, कार्बन काढायचा. मी छत्तीस वर्षं हेच उलटं काम केलं.

भंगारात काय उचलायचं

साकोली नागपूर-रायपूर महामार्गावर आहे, त्यामुळे आमच्याकडं ट्रकांचे गॅरेज आणि कबाडी पुष्कळ. तुमच्याकडंही हायवे जवळ असेल तर पोलादाची खाणच आहे समजा. तिथं कमानपाटा मागा. ट्रकचा जाड पाटा घेऊ नका, तो पातळ करता करता खांदा निखळेल. पिकअप किंवा जीपचा, सहा-सात मिलीमीटर जाडीचा घ्या.

रुळाचा तुकडा मात्र कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदेशीर बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथं चालत नाही. शॉकॲब्सॉर्बर, बंद नळ्या, सिलिंडर असलं काहीही भट्टीत घालायचं नाही, फुटतं. जस्ताचा मुलामा असलेलं, चंदेरी फुलं पडलेलं लोखंडही नाही. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

जुन्या पाट्यात आणखी एक चोर असतो. लाखो खड्डे खाल्लेला पाटा, त्यात केसासारखी चीर असू शकते. ती नुसत्या डोळ्याला दिसत नाही आणि नेमकी पाणी देताना उघडते. त्याला एक जुना उपाय आहे. पाटा तारेच्या ब्रशनं साफ करा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल चोपडून अर्धा तास ठेवा. मग फडक्यानं कोरडा पुसा आणि वर शाळेतल्या खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू पूड ओली करतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तो भाग कापून टाका, हळहळू नका.

ठिणगी वाचणं

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग.

ओपन हार्थ भट्टी म्हणजे एक उथळ, लांबट परात समजा, वरून छत, दोन्ही टोकांनी आळीपाळीनं जाळ येणार. त्यात चुन्याचा दगड, भंगार आणि झोतभट्टीचं वितळलेलं लोखंड. आठ-दहा तास ते शिजत राहायचं, आतला कार्बन ऑक्सिजनला धरून वायू होऊन निघायचा, त्यानं सगळा रस खदखदायचा, आपल्या घरी वरण उकळतं तसा. किती कार्बन राहिला हे कळायला लांब दांड्याच्या चमच्यानं रस काढायचा, छोट्या साच्यात ओतायचा, पाण्यात विझवून घणानं मोडायचा आणि मोडलेला चेहरा पाहायचा. लॅबला नमुना जायचाच. पण लॅबचा आकडा येईपर्यंत आमचे उस्ताद विचारायचे, "बोल, कितना?" मी म्हणायचो पस्तीस, म्हणजे ०.३५. ते चमच्यातून सांडणाऱ्या धारेकडं बघून म्हणायचे, "अठ्ठाईस." लॅबचा कागद यायचा, सत्तावीस. हे वर्षभर चाललं. मग एक दिवस आम्ही दोघंही एकच आकडा बोललो आणि त्यांनी मला चहा पाजला.

त्यांचं गुपित ठिणगीत होतं. लोखंडाचा कण हवेत जळताना आतला कार्बन वायू होऊन फुटतो, त्याचं फूल होतं. कार्बन जास्त तर फुलं जास्त. चमच्यातून दिसायचं तेच ग्राइंडरच्या चाकावर दिसतं.

म्हणून हे करा. संध्याकाळी, सावलीत किंवा अंधुक उजेडात ग्राइंडर लावा. डोळ्यावर चष्मा हवाच, अंगात सुती कपडा, आसपास तणस नको. ओळखीचे तीन नमुने आधी जवळ ठेवा: एक खिळा किंवा सळई, एक खात्रीचा कमानपाटा, एक जुनी कानस. प्रत्येक हलक्या हातानं, सारख्याच दाबानं टेकवा.

खिळ्याच्या ठिणग्या लांब जातात, पिवळसर पांढऱ्या, सरळ रेघा, टोकाला क्वचित एखादा फाटा. कमानपाट्याच्या रेघा थोड्या आखूड, त्यांना मध्येच फाटे फुटतात. पाट्यात सिलिकॉन असेल तर फुलं जरा दबलेली दिसतात, त्यानं फसू नका. कानस लावली की चाकाजवळच दाट फुलबाजी, दिवाळीतल्या भुईनळ्याची आठवण यावी अशी. बीड लावाल तर ठिणग्या आखूड, मळकट लाल, जीव नसलेल्या.

मग अनोळखी तुकडा लावा आणि विचारा, हा कुणाचा भाऊ? असंच बघायचं, जोडीनं. एकटा तुकडा पाहून आकडा सांगायला वर्षं लागतात, पण तीन नमुन्यांच्या शेजारी ठेवून ओळखायला एक संध्याकाळ पुरते. माझा सातवीतला नातू आता माझ्याआधी बोलतो.

मोडून पाहणं

ठिणगीवर शंभर टक्के भरवसा ठेवायचा नाही. आमचे उस्तादही मोडून बघितल्याशिवाय रस सोडू देत नव्हते. पाट्याच्या कडेचा बोटाएवढा तुकडा कापा, भट्टीत लाल करा आणि साध्या पाण्यात विझवा. आता शिकंजात धरून, वर फडकं टाकून हातोडी मारा. वाकला तर ते मऊ लोखंड, त्याचे खिळे करा. काच तुटावी तसा कट्‌कन तुटला तर तुटलेला चेहरा उजेडात धरा. राखाडी, बारीक, रेशमी पोत दिसला तर तुमचं काम झालं. साखरेसारखे चमकणारे जाड दाणे दिसले तर पोलाद चांगलं आहे पण तुम्ही ते जास्त तापवलं. पुन्हा कमी लालीवर करून पाहा.

ह्या तुकड्यासाठी मी लोहारभाऊशी भांडलो आहे. त्याला वाटायचं, चांगल्या पाट्याचा तुकडा फुकट घालवायचा कशाला. आता तो गिऱ्हाइकाला तुटलेला चेहरा दाखवून विळा विकतो.

चांद्याचं लोखंड, राजहऱ्याचा डोंगर

भट्टी पेटेपर्यंत एक गोष्ट ऐका, कारण आमच्याकडच्या पोरांना वाटतं की पोलाद म्हणजे जमशेदपूर नाहीतर भिलाई, आपला काय संबंध.

जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली १८७७ मध्ये. ते कापसाचे माणूस. पण १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या लोखंडावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज, जवळच वरोऱ्याला कोळसा. त्यांच्या डोक्यात पोलादाचा कारखाना शिरला तो तिथून, म्हणजे आपल्या चांद्यातून. वरोऱ्याचा कोळसा तपासायला जर्मनीला गेला आणि कामाचा निघाला नाही. खाणीच्या सरकारी अटीही जाचक होत्या. विषय वीस वर्षं पडून राहिला. नंतर अटी सैल झाल्या तेव्हा मुलगा दोराबजी आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड चांद्याच्या जंगलात फिरले. लोहाऱ्याचं खनिज चांगलं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढं आणि कोळशाची जोड मिळेल असं नाही, असा निकाल निघाला.

दोराबजी हे सांगायला नागपूरला आले. ज्या साहेबाला भेटायचं तो जागेवर नव्हता, म्हणून वेळ घालवायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तेच आपलं अजबबंगला, जिथं शाळेच्या सहलीत आपण सगळे भुसा भरलेला वाघ बघून आलो. तिथं भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा होता आणि दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाचा गडद रंग. त्या रंगाच्या मागं लागून वेल्ड दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर पोचला. सगळा डोंगरच लोखंडाचा. तिथंही कोळसा आणि पाणी ह्यांचा मेळ बसेना. तेवढ्यात भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस ह्यांचं ओडिशातल्या मयूरभंजच्या खनिजाबद्दलचं पत्र आलं, गाडी पूर्वेला वळली, १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत साकचीला, आताच्या जमशेदपूरला, पोलादाची पहिली लगड तयार झाली. जमशेटजी ते पाहायला नव्हते. ते १९०४ मध्येच वारले.

राजहऱ्याचा डोंगर तसाच राहिला, पन्नास वर्षं. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि तो डोंगर भिलाईच्या वाट्याला आला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन केलं. पंधरा वर्षांनी मी तिथं बूट घालून उभा होतो. अजबबंगल्यातल्या एका नकाशानं माझी नोकरी लागली असं मी गमतीनं म्हणतो. घरची म्हणते, तुमची नोकरी तुमच्या मामाच्या ओळखीनं लागली.

ओपन हार्थचंही थोडं सांगायला पाहिजे, कारण ठिणगी पाहायची सवड त्याच भट्टीनं दिली. १८५६ मध्ये बेसेमरनं वितळलेल्या लोखंडातून नुसती हवा फुंकून वीस मिनिटांत पोलाद करून दाखवलं. कोळसा नाही, काही नाही, आतला कार्बन आणि सिलिकॉन जळून त्यांचीच उष्णता. पण एवढ्या घाईत नेमकं कुठं थांबायचं ते कळणं कठीण, आणि फॉस्फरस आत तसाच राहायचा. तो काढायला थॉमसनं १८७० च्या दशकाच्या शेवटी भट्टीला चुनखडी जातीचं अस्तर दिलं. सीमेन्स आणि मार्टिन ह्यांची ओपन हार्थ १८६० च्या दशकातली. ती संथ, पण संथ म्हणूनच नमुना काढा, मोडा, बघा, थोडं खनिज टाका, पुन्हा बघा, असं करता यायचं. १९५० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या लिंझहून ऑक्सिजन फुंकायची रीत निघाली, पाऊण तासात घाणा तयार. जगभर ओपन हार्थ विझत गेल्या. माझ्या डोळ्यांदेखत आमच्या भट्ट्याही जोडभट्ट्या झाल्या, एका कुंडात ऑक्सिजन फुंकायचा आणि त्याच्या गरम वायूनं शेजारच्या कुंडातलं भंगार तापवायचं. चमच्यातला नमुना मोडून बघण्याला मग कोण विचारतो?

आणि एक, भंडाऱ्याच्या माणसानं विसरू नये असं. पोलादात शेवटी मँगनीज घालावंच लागतं. ते गंधकाला धरून ठेवतं. नाही घातलं तर तापलेलं पोलाद ठोकताना कडेनं फाटतं. बेसेमरचं पोलादसुद्धा मुशेटनं मँगनीज सुचवलं तेव्हा ताळ्यावर आलं. हे मँगनीज आपल्या तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींत आहे. कमानपाटा ठोकताना तो फाटत नाही, त्यात असंच कुठल्यातरी खाणीचं पुण्य असतं.

ठोकणं

पाट्याचा उभा काप काढा: वीस मिलीमीटर रुंद, अठरा सेंटिमीटर लांब. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल. ग्राइंडरनं कापा, निळं पडू देऊ नका. पाटा फार कडक लागत असेल तर आदल्या संध्याकाळी लाल करून चुलीच्या राखेत पुरून ठेवा, सकाळपर्यंत नरमतो.

आधी मुठीत जायची शेपटी ओढून घ्या, दहाएक सेंटिमीटर, टोकाकडं निमुळती. मग पातं. लोखंड नारिंगी-पिवळं असताना ठोका, गडद लाल झालं की थांबा आणि परत भट्टीत घाला. थंड्या पाट्यावर घण मारत बसलात तर तो वरून शहाण्यासारखा दिसेल आणि आतून तडकलेला असेल. उलट बाजूनं, तुकड्यातूनच फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या तर पोलाद जळालं. ते दुरुस्त होत नाही. तेवढा भाग कापायचा.

वाक देताना एक फसगत सगळ्यांची होते. विळ्याची धार आतल्या बाजूला. ती ठोकून पातळ केली की लांबते आणि लांबली की विळा उघडत जातो. म्हणून पात्याला आधी पाहिजे त्यापेक्षा जास्त वाक द्या, जवळजवळ आकड्यासारखा, आणि मग धार ठोका. तो आपोआप उघडून जागेवर येतो. लोहारभाऊ हे हातानं जाणतो. मी तीन विळे सरळ दांडक्यासारखे केल्यावर त्यानं मला हसत हसत सांगितलं. आधी का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणे, "आधी सांगतलं असतं तर लक्षात रायलं असतं का?"

पाठ तीन मिलीमीटर, धार एक मिलीमीटर राहू द्या. आताच वस्ताऱ्यासारखी पातळ केली तर पाणी देताना ती पापडासारखी मुरडेल. आकार झाला की तीन वेळा लाल करून नुसत्या हवेत निवू द्या. घणाचा ताण निघतो आणि दाणा बारीक होतो.

पाणी देणं

पाणी म्हणायचं, द्यायचं तेल. माझा दुसरा विळा मी खऱ्याच पाण्यात बुडवला. बादलीतून "किन्न" असा बारीक आवाज आला. विळा बाहेर काढला तर धारेपासून पाठीपर्यंत चीर. कमानपाटा तेलाचा आहे, थंड पाण्याचा धक्का त्याला सोसत नाही.

जवसाचं, करडईचं, सोयाबीनचं, तळणातलं उरलेलं, कोणतंही खायचं तेल चालतं. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. लोखंडी डब्यात चार-पाच लिटर घ्या, प्लास्टिकची बादली कधीच नाही, आणि डब्यावर बसेल असं झाकण हाताशी ठेवा. तेलावर जाळ आला तर झाकायचं, पाणी मारायचं नाही. तेल आधी थोडं कोमट करा, बोट क्षणभरच ठेवता येईल इतकं.

आता भट्टीशेजारी एक जुन्या स्पीकरचा चुंबक तारेनं टांगा. पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटणं सोडतं. पातं सगळीकडं सारखं तापवा, मधून मधून चुंबकाला लावून पाहा. चिकटेना झालं की परत आत घाला आणि रंग आणखी एक छटा वर चढू द्या. हे काम संध्याकाळीच करा. भर उन्हात लाल रंग ओळखता येत नाही, मी म्हणतो म्हणून सोडा, करून बघा. मग धारेची बाजू खाली धरून सरळ तेलात, वरखाली हलवायचं, आडवं हलवायचं नाही. हात लावता येईल इतकं निवलं की कानस फिरवून पाहा. कानस घसरली, चावली नाही, तर पाणी बसलं.

हा विळा आत्ता काच आहे. ओट्यावरून पडला तर दोन तुकडे होतील. त्यामुळं जेवायला जाऊ नका, लगेच त्याला उतरवा. पातं पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा. एक जाड लोखंडी ठोकळा भट्टीत लाल करा, बाहेर काढा, आणि विळ्याची पाठ त्यावर टेकवा, धार वर. थोड्या वेळात पाठीकडून रंग चालू लागतात: आधी तणसासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हे रंग म्हणजे वर चढणारी गंजाची पापुद्र्याहून पातळ साय, तापमान बरोब्बर सांगणारी. पिवळा सव्वादोनशे अंशांच्या जवळ, जांभळा पावणेतीनशे ते दोनशे ऐंशीच्या, निळा तीनशेच्या. धारेवर जांभळा पोचला की विळा उचला आणि तेलात विझवा. पाठ निळी झालेली असेल, ती मऊ आणि चिवट राहते, तेच पाहिजे. पुन्हा घासून हेच आणखी एकदा करा.

वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबतात. विळ्याला नाही. बांधीच्या धुऱ्यावर दगड लागतोच, तिथं पिवळी धार तुटून तुकडा पडेल. जांभळी फार तर दुमडेल, आणि दुमडलेली दगडावर परत येते.

मूठ आणि धार

मूठ तिवसाची उत्तम, नाहीतर बाभळीची वाळलेली. पोटात बारीक भोक पाडा, तोंडाशी लोखंडी कडं ठोका, शेपटीचं टोक लाल करून जाळत जाळत आत बसवा. पात्यावर ओलं फडकं गुंडाळूनच, नाहीतर उतरवलेली धार पुन्हा तापेल. धार कोरड्या ग्राइंडरवर लावू नका. पाण्याच्या दगडावर लावा, वेळ लागू द्या. ग्राइंडरवर क्षणभर निळी झाक आली तरी त्या जागेचं पाणी गेलं, आणि मग गिऱ्हाईक पुन्हा अंगणात.

वहिनीला पाट्याचा विळा दिला त्याला दोन हंगाम झाले. दिवसातून एकदा दगडावर फिरवते, दुपारच्या भाकरीनंतर. टोकाकडं एक खाच पडली आहे, ती तिनं मला दाखवली नाही, मीच पाहिली. आधीचा वाकडा विळा तिनं भंगारात द्यायला काढला होता. तो मी मागून घेतला. ग्राइंडरशेजारी खिळ्याला टांगला आहे. मऊ लोखंडाची ठिणगी कशी दिसते हे कुणाला दाखवायचं झालं की तोच चाकाला लावतो. दोन वर्षांत बोटभर झिजला.